तीन मिनिटांचा अमिबा

ढोबळे सर आमच्या घरी माणसांना भेटायला कधीच आले नाहीत. ते यायचे फ्रिजला भेटायला. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत तेव्हा फ्रिज एकच, आणि तो नेमका आमचा. आम्ही जेवायला बसलो की दार वाजायचं. "बसा, बसा, पाणी बदलून जातो!" म्हणत प्राणिशास्त्राचे प्राध्यापक थेट स्वयंपाकघरात!

दुधाच्या पातेल्याशेजारी त्यांची सेलोफेनची पिशवी गार पाण्यात बुडालेली असे. तिच्यात अंड्याचं पांढरं. परदेशी पिवळी पूड त्या प्रथिनाला चिकटवायची, न चिकटलेली तीन दिवस धुऊन काढायची, आणि मग ते तळ्यातल्या अमिबाला पाजायचं. निळ्या उजेडात त्याच्या पोटात हिरवं चमकतं म्हणे! "मेलेलं कोणीबी रंगवते गा," सर टेबल बडवत, "जित्त्याले चमकवलं, तं खरं!" आई म्हणायची, "माझ्या दुधाला वास लागला, तर आधी तुम्हालाच चमकवते."

अंडी फोडायच्या सरांच्या बायको, आमच्या काकू. त्यांच्या घरात कांदासुद्धा चालत नसे. नाकाला पदर लावून पांढरं वेगळं करायच्या आणि तडक अंघोळीला जायच्या. हे सगळं कशासाठी, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि या महाशयांनी कधी सांगितलं नाही.

त्या परदेशी पुडीची शेवटची चिमूट उरली. प्राचार्य म्हणाले, "शनिवारी डोळ्यांनी पाहीन, तरच नवी पूड मागवायच्या अर्जावर सही." मीही रजा टाकून कॉलेजात गेलो. खिडक्यांना घोंगड्या टांगलेल्या. सात अमिबांपैकी एकच शहाणा ते प्यायला होता. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि अहाहा! काळ्या अंधारात हिरवे ठिपके, आणि चक्क सरकत होते! मी ओरडलोच. सरांनी झटकन दिवा बंद केला.

"याच उजेडानं रंग उडते. तीन मिनिटं, बस्स. प्राचार्यांसाठी ठेवू."

तेवढ्यात काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या. सर जरा घुटमळले. मग म्हणाले, "ये वं, तूबी पाह्य."

सरांनी दिवा लावला, काकूंनी डोळा लावला. "अगं बाई! हालून राहिला नं हा! आपल्या अंड्याचंच का हे?" एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. काकू हलेनात, डोळा न काढताच सरांना हळूच काहीतरी म्हणाल्या. "सर, रंग चालला!" मी कळवळून दिव्याकडे हात नेला. सरांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

प्राचार्य आले, तेव्हा भिंगाखाली नुसता अंधार होता. सही झाली नाही.

परतताना मी भडकलो. "एवढी मेहनत मातीत घातली, सर! काहून?"

सर सायकल हातात धरून चालत होते. हसत होते आणि डोळे पुसत होते.

"सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती मले म्हणाली गा, 'थांबा नं, अजून पाहू द्या.'"