पूजेला बसलेलं रबर

प्रभाकरनच्या मते जगात दोनच कामं अवघड होती, नारळाच्या झाडावर चढणं आणि बायकोला, म्हणजे वत्सलेला, पटवणं. बाकी सगळं पाच मिनिटांचं.

"ब्रेकच्या पायडलवरचं रबर बदलायला मेकॅनिक कशाला?" दुर्गाष्टमीच्या दुपारी त्याने तिला ऐकवलं. "जुनं काढायचं, नवं चढवायचं. पायमोजा बदलण्यासारखं आहे."

मोटरसायकल त्याची नव्हती. वत्सलेचा थोरला भाऊ गंगाधरन, दोघांचाही 'चेट्टा' म्हणजे दादा, मस्कतला जाताना ती केरळात ओट्टपालमला ह्यांच्या अंगणात ठेवून गेला होता. विजयादशमीला तो सुट्टीवर येणार होता, आणि गाडी नीट दिसली तर कायमची इथेच, नाहीतर विकायची, असं त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. प्रभाकरनचा तर त्या गाडीवर जीव जडला होता.

जुनं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. प्रभाकरनने स्क्रू ड्रायव्हर घालून ते उचकटलं, तेव्हा त्याचे तीन तुकडे झाले. "अर्धं काम झालं," असं म्हणून तो चहा प्यायला आत गेला. तिथेच डुलकी लागली. उठून बाहेर आला तर अंगणात स्क्रू ड्रायव्हर नाही, पाने नाहीत, नवं रबरही नाही.

"पूजेला ठेवलं सगळं," वत्सला म्हणाली. देवघरात रेशमी वस्त्राखाली पोथ्या, कात्री, कोयता आणि प्रभाकरनची हत्यारं विसावली होती.

"अगं, हत्यारं ठीक आहे. रबर कशाला?"

"वाहनाचंच अंग ना ते? चंदन लावलंय. आता दशमीच्या सकाळी पूजा उठल्यावरच मिळेल."

"चेट्टा दशमीच्या सकाळीच येणार आहे!"

"मग चहा पिण्याआधी काम संपवायचं होतं."

पूजेतल्या वस्तूला मध्येच हात लावायची प्रभाकरनची छाती नव्हती. नवमीचा अख्खा दिवस तो उघड्या लोखंडी पायडलभोवती घुटमळत राहिला.

दशमीला पूजा उठली. वत्सलेने त्याला आधी तांदळात बोटाने विद्यारंभाची 'हरिश्री' लिहायला बसवलं, मग रबर हातात ठेवलं. चंदनाचा टिळा लावलेलं ते रबर पायडलवर चढेना. एक कोपरा बसवला की दुसरा सुटायचा. प्रभाकरनचा घाम निघाला, आणि तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

अडल्यावेळी त्याला एकच देव आठवायचा, खोबरेल तेल. केसांना तेच, कढीलाही तेच, कुरकुरणाऱ्या दारालाही तेच. त्याने तेलाची वाटी पायडलवर उपडी केली. रबर सुळकन चढलं.

"वा, अळिया," असं मेहुण्याला म्हणत गंगाधरन कौतुकाने गाडीभोवती फिरला. "माझ्या बहिणीने नवरा कामाचा निवडला म्हणायचा. नवं रबरसुद्धा?"

"पाच मिनिटांचं काम, चेट्टा."

गंगाधरनने किक मारली, अंगणाला एक फेरी घातली, कुंपणापलीकडच्या ओळखीच्या माणसाला उजवा हात उंच केला आणि ऐटीत ब्रेकवर पाय दाबला. पाय सटकला. रबरही सटकलं आणि तुळशीपाशी जाऊन पडलं. गाडी मात्र नारळाच्या बुंध्याभोवती खणलेल्या आळ्यात शिरली. ते आळं वत्सलेने कालच शेणखताने काठोकाठ भरलं होतं.

गाडीला ओरखडाही नव्हता. गंगाधरनही धड होता, फक्त गुडघ्यापर्यंत दिसत नव्हता. पाय धुऊन तो ओट्यावर टेकला आणि बराच वेळ हुंगत राहिला.

"शेणाला खोबरेल तेलाचा वास कसा काय येतोय?" त्याने विचारलं.

प्रभाकरन झावळ्यांकडे बघू लागला. गाडी गेली, हे त्याला कळून चुकलं होतं.

"गाडी इथेच राहू दे," गंगाधरन म्हणाला. "पण चावी वत्सलेकडे. आणि वत्सले, पुढच्या वर्षी हत्यारं बाहेर राहिली तरी चालतील. ह्याला पूजेला ठेव."

वत्सला रेशमी वस्त्राची घडी घालत होती. तिने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

"एवढं मोठं वस्त्र घरात नाही, चेट्टा," ती म्हणाली.