कलेक्टरचे दात

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच गोष्ट आहे. कामठ्याच्या भैय्यालालनं भर शंकरपटात, सगळ्या गावादेखत, शर्यतीच्या सात कुत्र्यांना धावण्यात हरवलं. स्वतःच्या पायांनी. चपला घालून.

"चपला घालून?" राजदीपनं विचारलं. हा ट्रक चालवतो. रायपूरकडे जाताना कोहमाऱ्याला अंजनाच्या ढाब्यावर त्याचा चहा ठरलेला, आणि चहाबरोबर माझी गोष्टही.

"एक चप्पल वाटेत राहिली," मी म्हटलं. "खोटं कायले सांगू?"

अंजना कढईत भजी सोडत होती. तिचा टायर नावाचा कुत्रा बाकाखाली येऊन पसरला, तसे मी पाय वर घेऊन मांडी घातली. म्हातारपणी मांडी घातल्याशिवाय गोष्ट नीट बसत नाही. मुलानं मला कामठ्याहून इकडं आणलं त्याला आता बरेच पावसाळे झाले, पण गोष्टी अजून तिथल्याच आठवतात.

तर कामठ्याला दरवर्षी शंकरपट भरायचा, बैलजोड्या धावायच्या. बैल परतले की त्याच धावेवर, म्हणजे शर्यतीच्या पट्ट्यावर, कुत्रे सोडायचे, ही टूम धनेंद्रची. त्याची धानाची गिरणी. त्यानं थेट पंजाबातून लांब पायांचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा ग्रेहाउंड आणला आणि नाव ठेवलं कलेक्टर. म्हणजे सकाळी उठून हमालाला सांगता येतं, "कलेक्टरले आंघोळ घाल, लय घाण झाला."

हळूहळू आजूबाजूच्यांनीही कुत्रे पाळले, ते पळवायला शिकवणारे तयार झाले. पुढं एक मोटारसायकल, तिला दोरीनं बांधलेलं सशासारखं शिवलेलं पोतं, आणि पोत्यामागं कुत्रे. सगळं झक्क होतं. अडचण एकच, नियम.

पट समितीचे अध्यक्ष यादोराव. माणूस सरळ, पण डोक्याला फार ताण देणारा नव्हे. त्यांनी बैलांचेच नियम उचलले आणि जिथं बैल होता तिथं कुत्रा केला. त्यामुळं कुत्र्याच्या शिंगांना तेल लावायला बंदी आली. कुत्र्यानं जोखड टाकलं तर तो बाद. आणि बैलाचा गट दातांवरून ठरतो, म्हणून प्रत्येक कुत्र्याचं तोंड उघडून, बोट आत घालून दात मोजणं सक्तीचं झालं.

कुत्र्यांचे मालक आणि शिकवणारे खवळले. शिंगांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांचं म्हणणं, दात मोजणारे सगळे पंच बैलवाले. आमच्या बाजूचा एक तरी माणूस समितीत पाहिजे. त्यांनी संघटना काढली आणि प्रतिनिधी निवडायला बसले. धनेंद्रला निवडलं तर कलेक्टरच जिंकेल, असं बाकीच्यांना वाटे. बाकीच्यांपैकी कोणाला निवडलं तर कलेक्टर हरेल, असं धनेंद्रला वाटे. शेवटी ठरलं, ज्याच्या दारात कुत्रंच नाही असा माणूस शोधा.

असा माणूस गावात एकच होता, भैय्यालाल. शिवाय त्यानं एकदा नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला नुसत्या खाकरण्यानं अस्वल पळवलं होतं. हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं, म्हणजे पक्कं.

त्याच्या दारात कुत्रं का नव्हतं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

भैय्यालाल कुत्र्याला इतका भ्यायचा की पाटलाच्या गल्लीत कुत्री व्याली त्या साली तो शेतात जायला गावाबाहेरून, तळ्याच्या पाळीवरून वळसा घालायचा. लांबून भुंकणं आलं तरी त्याच्या पोटऱ्या आतून थंड पडायच्या. हे फक्त त्याच्या बायकोला, कुंताला माहीत होतं. आणि अस्वलाचं खरं काय ते अस्वलालाच.

पण मान मिळाला की माणसाला कंठ फुटतो. समितीच्या पहिल्याच बैठकीत यादोराव म्हणाले, "दात आमचे पंच पाहतीन."

भैय्यालाल उठला. "पंच काऊन? कुत्रे आमचे, तोंडं आमची. मालकाईच्या प्रतिनिधीनं दात मोजल्याबिगर एकही कुत्रा सुटणार नाही."

मालकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या फार वाईट. त्या ऐकून तो आणखी पुढं गेला. "आन प्रतिनिधीनं सोताच्या हातानं मोजाचे. दुसरा माणूस चालनार नाही."

यादोरावांनी ते वहीत टिपून घेतलं. "मंजूर," ते म्हणाले. "पण ध्यानात ठेव गा भैय्यालाल. दात नाही मोजले, त समितीतली तुमची जागा गेली. आमचे बैल, आमचे नियम, आन कुत्रे तुमचे घरी."

भैय्यालाल खाली बसला तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की प्रतिनिधी म्हणजे आपणच.

घरी आला तो घामेजून. कुंता चुलीपाशी होती.

"काय झालं तुमाले?"

"जिंकलो," तो म्हणाला आणि पाटावर बसकण मारली. "उद्या सात कुत्र्याईच्या तोंडात हात घालाचा आहे."

कुंता हसली नाही. ते त्याला जास्त लागलं. "सांगून टाका ना, भेव लागते म्हनून."

"अस्वलवाल्या मानसाले? मंग धनेंद्र काय म्हनल? सगळ्या मालकाईची जागा माह्यापायी जाईल व."

त्यानं स्वतःचा उजवा हात पुढं धरून पाहिला. कोपरापासून खाली तो आपला नाहीच, कोणाकडून तरी मागून आणलाय असं त्याला वाटलं. कुंतानं थोडा विचार केला आणि फळीवरून सुकी मासळी काढली.

"हे गमच्याच्या शेवटात बांधा. वास आला का कुत्रं आपोआप तोंड उघडते. तुमी लांबून मोजा आन पुढं सरका."

युक्ती अशी साधी की भैय्यालालला त्यात खोट दिसेना. भ्यालेल्या माणसाला युक्ती मिळाली की तो ती दोनदा तपासत नाही.

दुसऱ्या दिवशी धावेच्या तोंडाशी सात कुत्रे ओळीनं उभे. प्रत्येकाच्या गळ्यात दोरी, दोरीला मालक. पलीकडच्या टोकाला लाकडी मचाण, त्यावर भोंगा घेऊन यादोराव. भैय्यालालच्या छातीवर संघटनेचा बिल्ला, खांद्यावर गमचा. पाय पुढं पडत होते, पण कोणी मागून ढकलल्यासारखे.

पहिला कलेक्टर. भैय्यालाल समोर गेला तेव्हा कुत्र्यानं नाक वर केलं. मग कान उभे केले. मग ओठ मागं ओढले, आणि आतली ती पांढरी रांग दिसली. भैय्यालालला एवढीच खात्री झाली की दात भरपूर आहेत.

"मोज ना गा," धनेंद्र म्हणाला. "तो काई करत नाही."

कुत्र्याचा मालक असं म्हणतो तेव्हा समजावं की वेळ आली. कलेक्टरनं गमच्याचं टोक धरलं. भैय्यालालनं ओढलं. कलेक्टरला वाटलं खेळ आहे. गाठ सैल होऊन टोक सुटलं, मासळीचा वास ओळीतल्या बाकीच्या सहाही जणांपर्यंत गेला आणि सहाही जण एकदम भैय्यालालकडं वळले.

त्यानं मोजणं तिथंच थांबवलं.

तो पळाला धावेवरून, कारण बाकी तिन्ही बाजूंना माणसं होती. मालकांच्या हातातल्या दोऱ्या सुटल्या. निशाणवाल्यानं पाहिलं, कुत्रे तर निघाले, म्हणून त्यानं निशाण पाडलं. निशाण पाहून मोटारसायकलवाल्यानं किक मारली, पण त्याचं सशाचं पोतं घेऊन तो निघेपर्यंत सगळी शर्यत त्याच्या बाजूनं निघून गेली होती.

"एक मिनिट," राजदीप म्हणाला. "ग्रेहाउंडच्या पुढं माणूस? माहा ट्रकही मागं राहील."

"तुह्या ट्रकाच्या मागं कधी सात कुत्रे लागले का?" मी विचारलं. त्यानं चहाचा घोट घेतला.

भैय्यालाल धावत होता आणि कानाशी त्याला स्वतःचाच श्वास येत होता, की कलेक्टरचा, ते कळेना. गमचा खांद्यावरून काढून फेकावा एवढं साधं त्याला सुचलं नाही, तो त्यानं उलट मानेला घट्ट आवळून धरला. शेवटची रेघ ओलांडली आणि त्याच झोतात तो मचाणावर चढला, यादोरावांच्या मांडीपर्यंत. खाली सात कुत्रे वर्तुळ करून उभे, माना वर, जिभा बाहेर.

धनेंद्र मागून धापा टाकत आला. "हे शर्यत रद्द करा. हा मानूस आमच्या कुत्र्याईच्या पुढं पळाला."

यादोराव शांतपणे म्हणाले, "मालकाईची हरकत प्रतिनिधीच्या तोंडूनच घेतो आमी. प्रतिनिधी पाहिजे, हा तुमचाच हट्ट होता. बोल गा भैय्यालाल, मालकाईचं काय म्हननं हाय?"

भैय्यालाल मचाणाच्या खांबाला मिठी मारून होता. "मालकाईचं म्हननं हाय," तो खांब न सोडता म्हणाला, "का प्रतिनिधीनं कुत्र्यापुढं पळू नये. मले हे पटते."

हरकत मंजूर झाली, शर्यत रद्द. गर्दीत कोणी हसलं नाही, कारण यादोरावांनी पुढचं विचारलं. "आन दात? मोजले का? नाही त जागा गेली."

धनेंद्रचा चेहरा उतरला. सगळे मालक वर पाहू लागले. इतक्या दिवसांचं भांडण त्या एका घाबरलेल्या माणसाच्या तोंडाशी येऊन थांबलं. भैय्यालालनं डोळे किलकिले करून खाली पाहिलं. सात कुत्रे, आ वासून, धापा टाकत, थेट त्याच्याकडं तोंड करून. यादोरावांच्या अख्ख्या आयुष्यात कोणत्या बैलानं इतकं तोंड उघडलं नसेल. त्यानं एकेकाकडं बोट करत, ओठ हलवत, सातही जणांचे दात वरूनच मोजले.

"भरले," तो म्हणाला. "सगळ्याईचे पुरे हायेत."

"बोट आत नाही घातलं," एक पंच म्हणाला.

"तुमी घाला," यादोराव त्याला म्हणाले. तो पंच मागं सरला आणि मालकांची जागा राहिली.

"आन मंग?" राजदीपनं विचारलं.

"मंग काय," मी म्हटलं. इथं गोष्टीला थोडं वर न्यावं लागतं. "भैय्यालाल सोता खाली उतरला. सरळ कलेक्टरसमोर बसला, त्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आन म्हनला, बस बापा, गेलं भेव. तवापासून कुत्रं त्याच्या उशाशी झोपते. साऱ्या जिल्ह्यात असा निडर मानूस नाही."

राजदीपनं मान डोलावली. अंजनानं झारा कढईच्या कडेला टेकवला, पदराला हात पुसले आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"रेवारामजी, त्या भैय्यालालच्या बायकोचं नाव काय सांगितलं तुमी?"

"कुंता. काऊन?"

"कुंताकाकू त आज सकाळीच तुमच्या आंगनात तांदूळ पाखडून राहिल्या होत्या. सोताचं नाव बदललं, त बायकोचंही बदलाचं ना बाबा. आन आता पाय खाली घ्या, टायर कवाचा झोपला हाय."