धैर्य : वीसपैकी अठरा

शौर्य हा नाशवंत माल आहे. उघड्यावर ठेवला तर उन्हानं खराब होतो, गर्दीत नेला तर सांडतो. म्हणून जाणती माणसं तो बियाण्याच्या पिशवीवर छापलेल्या सूचनेप्रमाणे थंड व कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवतात. परतुरात ही सोय रामप्रसाद यांच्या कृषी सेवा केंद्राच्या वरच्या खोलीत झालेली आहे. तिथं दर रविवारी दुपारी 'परतूर तालुका अद्भुत पराक्रम मंडळ' भरतं. मंडळाला शिक्का आहे. आमची सगळी नोकरी सरकारी टपाल शाखेत गेली, त्यामुळे शिक्का असलेल्या कुठल्याही संस्थेविषयी आम्हाला आधी आदर वाटतो आणि मग आम्ही चौकशी करतो.

मंडळाचं कार्य ज्यांना ठाऊक नाही (असे लोक तालुक्यात अजून बरेच आहेत आणि ते कामधंदा करून पोट भरतात) त्यांच्यासाठी खुलासा करणं भाग आहे. सात-आठ प्रौढ माणसं टेबलाभोवती बसतात. प्रत्येकानं एक पात्र घेतलेलं असतं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी धनुर्धर. एक जण सूत्रधार असतो, तो गोष्ट सांगतो. तो म्हणतो, "समोरून राक्षस आला." योद्धा म्हणतो, "मी त्याच्यावर धावून जातो." धावायचं मात्र नसतं. वीस तोंडांचा फासा टाकायचा असतो. आकडा मोठा पडला तर राक्षस मेला, लहान पडला तर योद्ध्याला लागलं. दोन्ही प्रसंगी खुर्ची सोडावी लागत नाही. पूर्वीच्या लोकांना लढाई म्हटलं की घोडा, वैरण, तलवार, मलमपट्टी, किती खर्च! आता तेच काम भज्यांच्या दोन प्लेटांत भागतं. याला प्रगती म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

मंडळाची आजवरची कामगिरी पुढीलप्रमाणे: राक्षस ठार, दोनशे बारा. अजगर ठार, चौदा. मुक्त केलेली गावं, एकतीस (सर्व गावं बर्फाळ प्रदेशात; परतुरात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो). दुष्ट राजे, एक. हा राजा पुढच्या रविवारी पुन्हा जिवंत झाला. त्याबाबत हरकत नोंदवलेली आहे.

पदाधिकाऱ्यांची ओळख करून देतो. रामप्रसाद हे अध्यक्ष व सूत्रधार. आठवडाभर शेतकऱ्यांना सांगतात की हे बियाणं नक्की उगवेल, त्यामुळे कल्पनाशक्ती तयार आहे. कल्याण हा योद्धा. तो जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये सुपरवायझर आहे. मालकाचा फोन आला की उभा राहून बोलतो (मालक पुण्यात असतात). टेबलावर बसला की तो वज्रभान होतो, आणि वज्रभान कुणाच्या बापाला भीत नाही. इजहारभाई स्पेअर पार्टचे व्यापारी. ते जादूगार असून त्यांच्या दहा बोटांतून आगीचे गोळे निघतात. घरच्या गॅसचा रेग्युलेटर त्यांच्या पत्नी मदीहा बदलतात. तो बसेपर्यंत इजहारभाई अंगणात थांबतात.

पात्राच्या अंगी काय काय आहे, हे सुरुवातीलाच फासा टाकून ठरतं. ताकद किती, अक्कल किती, धैर्य किती. कल्याणचं धैर्य वीसपैकी अठरा पडलं. इजहारभाईंचं सतरा. एकदा पडलं ते पडलं. यापुढचा नियम मंडळाचा पाया आहे, म्हणून तो मुळातूनच देतो: 'सभासदाने आपल्या पात्राच्या गुणांप्रमाणेच वागावे. शूराने भिऊ नये व भित्र्याने शौर्य करू नये.' बराबर आहे. नाहीतर गुण मोजण्याची यातायात कुणी केली असती?

फरजाना ही इजहारभाईंची मामेबहीण. उर्दू शाळेत शिकवते. उन्हाळ्यात हौसेनं मंडळात आली. तिचं धैर्य पडलं चार. त्यामुळे तिला 'चिमटी' नावाची भित्री चोरटी देण्यात आली. चिमटीचं काम एकच, संकट आलं की झुडपाआड बसायचं. फरजाना बिचारी तीन महिने झुडपाआड बसून होती.

मंडळ नुसतं खेळतं असा गैरसमज नको. मंडळाला मतंसुद्धा आहेत. मागे जालन्याच्या गटाशी तात्त्विक वाद झाला. खेळात बुटक्यांची एक जमात असते. त्यातल्या बिनदाढीच्याला बुटका धरायचं की नाही, यावर दोन्ही तालुके फुटले. एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणं बंद झालं. दुःखातही मंडळ मागे नसतं. कल्याणचं पहिलं पात्र दरीत पडून मेलं तेव्हा शोकसभा झाली, दोन मिनिटं स्तब्धता पाळली, इजहारभाईंना बोलता बोलता हुंदका आला. त्याच आठवड्यात कल्याणचे चुलते वारले. तेव्हा ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र पाठवण्यात आलं.

आता सगुणाबाईकडे वळू. वरच्या खोलीच्या जिन्यापाशी रस्त्याच्या कडेला सगुणाबाईची भज्यांची गाडी होती. नवरा गेल्यापासून त्या गाडीवर तिनं घर चालवलं आणि मंडळही चालवलं, कारण राक्षस मारून पोटात आग पडते. गाडी जाणं म्हणजे तिची चूल विझणं, इतका साधा हिशेब होता. ती जागा युवा नेते रामकिसनभाऊ (वय सत्तेचाळीस) यांना पुतण्याच्या स्टॉलसाठी पाहिजे होती. त्यांनी तिला निरोप दिला होता, येत्या रविवारी दुपारी गाडी हलव, न्हाई तर आम्ही हलवू.

ती आधीच्या रविवारी जिना चढून वर आली. पदराला हात पुसत दारातच उभी राहिली.

"रामप्रसादभाऊ, एक काम हाये बघा. पुढल्या रईवारी तो येणार हाये. तुम्ही तं वरतीच असता. तेवढ्या टायमाला खाली येऊन नुसते उभे राहा. बोलायचं बी न्हाई, भांडायचं बी न्हाई. चार माणसं उभी दिसली की तो हात लावत न्हाई. लहानपणापासून वळखते मी त्याला."

कल्याणनं छातीवर हात ठेवला. "मावशी, बिलकुल काळजी करू नका. आम्ही कशासाठी बसून राह्यलो इथं?"

"तेच इचारायला आल्ते," सगुणाबाई म्हणाली, आणि गरम तेल सोडून आलेली बाई ती, लगबगीनं खाली गेली.

मंडळानं विषय अतिशय गांभीर्यानं घेतला. चर्चा झाली. नुसतं खाली जाऊन उभं राहणं हे सगळ्यांनाच फार तोकडं वाटलं. त्यात योजना नाही, कथानक नाही, आणि ऊन किती असतं! शेवटी रामप्रसाद यांनी मार्ग काढला. येत्या रविवारचा अख्खा खेळ मावशींच्या प्रश्नाला वाहायचा. बर्फाळ राज्यात सगुणावती नावाची एक विधवा धर्मशाळा चालवते. एक महाकाय दैत्य तिचा उंबरठा मागतो. सर्व वीर तिच्या पाठीशी उभे राहतात. ठराव एकमतानं पास झाला. सामाजिक बांधिलकी म्हणतात ती हीच.

फरजानानं विचारलं, "पण सर, मंग खाली कोण जाणार?"

"अगं, तेच तर करून राह्यलो आपण," रामप्रसाद म्हणाले.

रविवार उजाडला. वर खेळ रंगात आला होता आणि खाली रामकिसनभाऊंचा टेम्पो येऊन थांबला. सोबत चार पोरं. पुढचा मजकूर आम्हाला फरजाना आणि सगुणाबाई या दोघींकडून स्वतंत्रपणे कळलेला आहे आणि तो जुळतो. रामकिसनभाऊंनी गाडीला लगेच हात लावला नाही. त्यांनी आधी मान वर करून खिडकीकडं पाहिलं. खिडकी उघडी होती, डोकी दिसत होती. ते टेम्पोला टेकून उभे राहिले, पुडी फोडली आणि वाट पाहू लागले. सगुणाबाईनं तेवढ्यात तोंडाला पदर न लावता हाक मारली, "ओ रामप्रसादभाऊ! ओ कल्याणभाऊ! आला बघा!"

वर त्या क्षणी दैत्य धर्मशाळेच्या दारात पोचला होता. वज्रभाननं तलवार उपसली होती. अशा वेळी बाहेरचा आवाज आला की सगळी मजा जाते. हे कुणालाही पटेल.

"खिडकी लावा बरं जल्दी," रामप्रसाद म्हणाले.

इजहारभाई उठले आणि त्यांनी खिडकी लावली. त्या दुपारी मंडळाच्या वीरांपैकी कुणी शारीरिक हालचाल केली असेल तर ती एवढीच.

"सर, मावशी हाका मारून राह्यल्या," फरजाना म्हणाली.

"चिमटीला ऐकू आलं तरी ती झुडपाआडच राहील. तुझी पाळी आली की बोल."

फरजानानं खुर्ची मागं सारली आणि ती जिना उतरून गेली. पाळी आलेली नसताना.

खिडकी लागली तसे खाली रामकिसनभाऊ हसले. पुडी फेकली. "वरी कुणी न्हाई वाटतं. उचला रे!" सगुणाबाईनं गाडीचा एक दांडा धरला. फरजानानं धावत येऊन दुसरा धरला. पोरं जरा थबकली, भाऊंकडं बघू लागली. रामकिसनभाऊंनी रस्त्यावर इकडंतिकडं पाहिलं, पुन्हा एकदा खिडकीकडं पाहिलं आणि म्हणाले, "दोघीच तं हायेत." मग ओढाताण झाली. कढई कलंडली. तेल रस्त्यावर सांडलं, काही फरजानाच्या पावलावर पडलं. गाडी टेम्पोत गेली. सगुणाबाईच्या हातात झारा राहिला.

बरोबर त्याच वेळी वर कल्याणच्या फाशावर वीस पडले. पूर्ण वीस! दैत्याचं मुंडकं उडालं, सगुणावतीचा उंबरठा शाबूत राहिला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की लावलेल्या खिडकीतूनही तो रस्त्यावर ऐकू आला. सगुणाबाईनं वर पाहिलं. ती काय म्हणाली ते फरजानानं आम्हाला सांगितलं, पण ते छापण्याजोगं नाही.

विजयानंतर सभासदांना भुका लागल्या. खाली फोन लावला, कुणी उचलला नाही. इतिवृत्तात 'अल्पोपाहाराची व्यवस्था असमाधानकारक' अशी नोंद घेण्यात आली.

पुढच्या रविवारी फरजानाची चौकशी झाली. पायाला पट्टी होती म्हणून तिला बसून उत्तरं देण्याची सवलत मिळाली. मंडळाची माणुसकी अशी पदोपदी दिसते. आरोप तीन होते: पाळीविना खेळ सोडला, सूत्रधाराची अवज्ञा केली, आणि सर्वांत गंभीर म्हणजे, धैर्य अवघं चार असताना अठराच्या वर वर्तन केलं. उद्या प्रत्येक भित्रा असा वागू लागला तर शूरांनी जायचं कुठं, असा सवाल रामप्रसाद यांनी केला.

"चारच होतं सर माझ्याकडं," फरजाना म्हणाली. "तेवढ्यात गाडीचा एकच दांडा धरता आला. तुमच्यातलं अठरावालं कुणी आलं असतं तं चाक बी धरलं असतं."

कल्याणच्या डोळ्यांत पाणी आलं. हे आम्ही उपहासानं लिहीत नाही, खरंच आलं. तो म्हणाला, "वज्रभान असता ना, तं तो गेला असता. उडी मारून गेला असता."

"माझा जादूगार बी गेला असता," इजहारभाई म्हणाले. "त्या टेम्पोला आगच लावली असती."

एकेकानं मनापासून सांगितलं. सगळ्यांची पात्रं गेली असती. बिनविरोध. त्यानंतर फरजानाला काढून टाकण्यात आलं.

मंडळ उपकार विसरणारं नाही. सगुणाबाईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. ती आता स्टेशनच्या रस्त्याला एका हॉटेलात ताटं घासते. सभासद तिथं गेले. रामप्रसाद यांनी दैत्यवधाची हकीकत पहिल्यापासून सांगितली, कल्याणनं तलवारीचा हात करून दाखवला. सगुणाबाई राखेचा हात तसाच ठेवून सगळं ऐकत होती.

"मंग त्या बाईचं दुकान राह्यलं का तिथं?"

"राह्यलं ना मावशी! आता कुणाची हिंमत न्हाई!"

"मंग तिच्याकडंच जात जा भजे खायाला," ती म्हणाली. शाल परत केली. नारळ ठेवून घेतला, चटणीला होईल म्हणून.

तर वाचकहो, इथवर वाचता वाचता तुमच्याही मनात येऊन गेलंच असेल की आपण तिथं असतो तर खाली गेलो असतो. (आम्हीसुद्धा गेलो असतो. त्या रविवारी आम्ही हसनाबादला बारशाला गेल्तो.) तुमचं अभिनंदन. तुमचं पात्र तयार झालेलं आहे. फासा टाकायची गरज नाही. बसल्या जागेवरून जो इतक्या लांबच्या जिन्याखाली उतरला, त्याचं धैर्य मंडळ वीसपैकी अठरा धरतं. फरजानाची खुर्ची रिकामी आहे, रविवारी या. येताना भजे तेवढे घेऊन या. खाली आता मोबाईलचे कव्हर मिळतात.