दोन चाळीसचा उंदीरमार

नाशिक शहरात खासगी गुप्तहेर किती, याची मोजदाद सरकारने अजून केलेली नाही. केली असती तर यादीत पहिलं नाव माझं आलं असतं, आणि शेवटचंही. मी नाथा गायधनी. उंची मध्यम, नजर तीक्ष्ण (चष्म्यासकट), आणि बुद्धी अशी की कधी कधी मलाच तिच्या मागे धावावं लागतं. दिवसा मी कॉलेज रोडला झेरॉक्सचं दुकान चालवतो. ज्याच्या हातून रोज शे-दोनशे मार्कशीटं आणि जन्मदाखले जातात, त्याच्यापासून हे शहर काय लपवणार? मागच्या वर्षी एका सायकलचोरीचा छडा मी अवघ्या अकरा दिवसांत लावला. सायकल माझीच होती आणि दुकानामागे मीच लावून विसरलो होतो. पण छडा तो छडा.

तर नोव्हेंबर २००३ ची गोष्ट. माझी भाची हर्षाली दुकानात आली. बारावी सायन्स, दोन वेण्या, खांद्यावर क्लासची बॅग.

"मामा, माझ्या कॉम्प्युटरवर कोणीतरी आहे," ती म्हणाली.

मी शटर अर्धं खाली ओढलं. अशी वाक्यं अर्ध्या शटरातच ऐकायची असतात.

प्रकरण असं होतं. हर्षाली कॉम्प्युटरवर एक गेम खेळते. त्यात तलवार घेतलेली एक बाई असते. ती गावोगाव फिरते, राक्षस मारते, आणि जितके मारेल तितकी तिची लेव्हल वाढते. शेवटी एक काळगुंफा आहे. तिथे एक दगडी राक्षस बसलेला असतो, त्याला हर्षाली दगडोबा म्हणते. दगडोबाला मारलं की गेम संपला. हर्षाली सात महिन्यांत त्रेचाळीस वेळा गुंफेत शिरली होती आणि त्रेचाळीस वेळा मेली होती.

"पण आता एक तारखेपासून अप्पा कॉम्प्युटर खोक्यात भरणार. परीक्षा होईपर्यंत बंद. मग मी पुण्याला गेले की संपलंच सगळं," ती म्हणाली. "मला तो दगडोबा मारायचाय, मामा. एकदा तरी. आणि आता हे नवीनच. माझी बाई चौदा लेव्हलला होती. परवा उघडून बघते तर सोळा. काल सतरा. कोणीतरी तिला हात लावतंय. उद्या चुकून पुसून टाकली तर?"

तिचे डोळे भरले होते. मी तिला माझ्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि केस स्वीकारली. एक तारखेला बारा दिवस उरले होते.

हर्षालीचं घर गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर. तिथे माझी थोरली बहीण मंगलाताई राहते, म्हणजे हर्षालीची आई. दिवसभर ती बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर असते, आणि त्याच खोलीत, तिच्यापासून चार हातांवर, कॉम्प्युटर असतो. माझे मेव्हणे पुंजा दाजी, म्हणजे हर्षालीचे अप्पा, यांची द्राक्षाची बाग दिंडोरीला. ते पहाटे मोटारसायकलवर जातात, फवारणी उरकतात आणि दुपारी जेवायला घरी येतात. बोलणं कमी. पोरीशी तर 'जेवली का' आणि 'लाईट बंद कर' यांच्यापलीकडे नाहीच. दाजींची आणखी एक खोड म्हणजे निरगाठ. ते काहीही बांधोत, दोन निरगाठी मारतात. त्यांनी बांधलेली भाजीची पिशवीसुद्धा ब्लेडशिवाय सुटत नाही.

मी तपासाला लागलो. पहिला धागा लगेच मिळाला. गेम शेवटचा कधी सेव्ह केला, ती वेळ पडद्यावर दिसत होती. रोज दुपारी दोन चाळीसच्या आसपास. त्या वेळी हर्षाली क्लासला असते.

"आपल्याकडे दुपारी दोन चाळीस म्हणजे अमेरिकेत मध्यरात्र उलटलेली," मी सावकाश म्हणालो. "गुन्हेगार काम कधी करतो? मध्यरात्री. म्हणजे माणूस अमेरिकेतला आहे."

"मामा, आपल्याकडे इंटरनेट नाही."

"म्हणूनच तो आजवर सापडला नाही."

मंगलाताईने मशीन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि परत सुरू केलं. आमच्या घरात माझ्या बुद्धीचं कौतुक असं मूकपणे होतं.

दुसरा धागा माऊसवर होता. डाव्या बटणावर एका अंगठ्याचा निळसर ठसा. तिसरा धागा कीबोर्डच्या फटीत होता. पिवळी भुकटी, नाकात चढणाऱ्या वासाची. दोन्ही पुरावे मी रुमालाने अलगद टिपून घेतले, म्हणजे पुसूनच घेतले, आणि हर्षालीला काही सांगितलं नाही. अशिलाला पुरावे दाखवणं आमच्या धंद्यात बसत नाही.

रात्रभर विचार करून मी निष्कर्षाला आलो. निळा ठसा म्हणजे रंग. पिवळी भुकटी म्हणजेही रंग. रंगाशी संबंध असलेला माणूस त्या इमारतीत एकच, खालच्या मजल्यावरचे चिमाजी मास्तर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, गणपतीत मूर्ती रंगवतात.

मी मास्तरांना जिन्यात गाठलं.

"मास्तर, दुपारी दोन ते तीन आपण कुठे असता?"

"झोपलेला."

"साक्षीदार?"

"अख्खी बिल्डिंग," मास्तर म्हणाले. "माझ्या घोरण्याबद्दल सोसायटीने मला दोनदा पत्र दिलंय. दाखवू का?"

पत्रं खरी होती. त्यातल्या एकाचं झेरॉक्स मीच काढलं होतं. तरीही माझा संशय पक्का झाला. इतका चोख पुरावा निर्दोष माणसाकडे नसतो.

इकडे बाई अठराला पोहोचली, मग वीस. आणि एक विचित्र गोष्ट हर्षालीने मला पडद्यावर दाखवली. गावाबाहेर गेममध्ये एक मोकळं रान आहे. त्यात मोठाले उंदीर आणि विषारी भुईछत्र्या असतात. हर्षाली तिथे कधी थांबायची नाही, थेट गुंफेकडे पळायची. आता ते रान साफ होतं. एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत, ओळीने. थैलीत औषधाच्या चाळीस बाटल्या होत्या आणि एकही उगाच फोडलेली नव्हती.

"हा कोणीतरी अतिशय कंटाळवाणा माणूस आहे," हर्षाली म्हणाली.

"किंवा अतिशय धोकादायक," मी म्हणालो.

शेवटी मी पाळत ठेवायची ठरवली. अठ्ठावीस तारखेला बारा वाजता दुकान बंद करून गेलो आणि कॉम्प्युटरसमोरच्या पलंगाखाली शिरलो. पण ताईने मला तिथून ओढून काढलं आणि आधी जेवायला बसवलं. भरीत आणि बाजरीची भाकरी. अडीच भाकऱ्या झाल्या. मग मी पुन्हा पलंगाखाली गेलो आणि डोळे मिटून कान टवकारले, कारण डोळे उघडे असले की कानांचं लक्ष लागत नाही.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. बाई बावीसवर गेली होती. आणि माझ्या अंगावर कोणीतरी चादर घातली होती. चादरीच्या कोपऱ्यावर निळा अंगठा होता, आणि तिला तोच नाकात चढणारा वास होता.

वहीत मी नोंद केली: 'गुन्हेगार सराईत आहे, पण मनाने वाईट नाही.'

तीस तारखेच्या संध्याकाळी मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत जमवलं. हर्षाली खुर्चीवर, चिमाजी मास्तर पलंगावर, पुंजा दाजी दाराशी उकिडवे, हातात सुतळीचं बंडल घेऊन. उद्या खोकं बांधायचं होतं. ताई मशीनवर होती, कोणाचा तरी ब्लाऊज द्यायचा होता.

मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि सुरुवात केली. अमेरिका, मध्यरात्र, निळा ठसा, पिवळी भुकटी, घोरण्याचं सोंग. वीस मिनिटं बोललो. "आणि म्हणून, मास्तर," मी त्यांच्याकडे बोट रोखलं, "पलंगाखाली झोपलेल्या गुप्तहेरावर चादर घालणारा हात तुमचा होता."

मास्तर खरोखरच झोपले होते.

"नाथा," मशीन न थांबवता ताई म्हणाली, "हे खेळतात. दुपारी जेवण झालं की."

"कोण हे?"

"हे म्हणजे हे," ताईने मानेने दाराकडे दाखवलं. "बागेत औषध मारून येतात. कितीदा सांगितलं, मोरचुदाचे हात नीट धुऊन मग कॉम्प्युटरला लावा. सगळीकडे निळे ठसे नि पिवळं गंधक करून ठेवतात."

"तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू अमेरिकेत होतास."

सगळे दाजींकडे बघायला लागले. त्यांचे अंगठे निळे होते. गेले बारा दिवस निळेच होते, आणि त्यांनीच दोनदा मला चहाचा कप हातात दिला होता.

"अप्पा?" हर्षाली म्हणाली.

दाजी सुतळीकडे बघत राहिले. "खेळत नाय मी," ते म्हणाले. "निंदणी करतो."

मग त्यांनी सुतळीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "एक दिवस मागं उभा राहून बघितलं. ही पळत गुंफेत गेली आन् मेली. परत गेली, परत मेली. रानात एवढे उंदीर मोकाट, त्यांच्याकडं बघायला तयार नाय. माझ्या पोरीला कोणी असं रोज मारावं, मला नाय बघवलं. म्हणलं, ही नाय तर आपण रान साफ करावं."

हर्षालीचा चेहरा रडवेला आणि हसरा असा दोन्ही झाला. ती उठून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मग आता जाऊ गुंफेत? आजच? उद्या तर एक तारीख."

दाजींनी खिशातून फवारणीची छोटी वही काढली. त्यात औषधांच्या मात्रांखाली दगडोबाचा हिशेब होता. तिसऱ्या फटक्यानंतर तो दम घेतो, डाव्या बाजूने वार करतो, सगळं.

"तयार हाय का नाय ते आधी बघायचं," ते म्हणाले. "घडातला उन्हाच्या बाजूचा मणी कुणालाबी गोडच लागतो. त्याच्यावर माल तोडला तर फसला. सावलीचा मणी खाऊन बघायचा. हिचं ते लोखंडी चिलखत काढ. तशीच त्या मोठ्या उंदराशी लढव. दोन औषधांत भागलं तर जायचं."

हर्षालीने चिलखत उतरवलं आणि बाईला उंदरासमोर उभं केलं. आम्ही सगळे पुढे वाकलो. मास्तरही जागे झाले. उंदीर मेला, पण चार बाटल्या लागल्या.

"कच्ची हाय," दाजी म्हणाले. "अजून आठ दिवस."

"पण अप्पा, उद्या खोकं भरायचंय."

"कोण म्हणलं?"

"तुम्हीच."

"मग मीच म्हणतो, आठ तारखेला." त्यांनी सुतळीचं बंडल माळ्यावर फेकलं.

ते आठ दिवस मी रोज दुकान बंद करून जात होतो, तपासाच्या कामासाठी. हर्षालीचा अभ्यास झाला की दोघं शेजारी बसत. अर्धा तास, घड्याळ लावून. ती बटणं दाबायची, ते वही धरायचे. दोघांमध्ये मी गेल्या सतरा वर्षांत ऐकले नव्हते इतके शब्द त्या अर्ध्या तासात व्हायचे, आणि त्यातले निम्मे उंदरांबद्दल असले तरी मला चालत होतं.

सात तारखेला उंदीर दोन बाटल्यांत मेला. आठला बाई काळगुंफेत शिरली. तिसऱ्या फटक्यानंतर दाजी म्हणाले, "सर मागं," आणि ती मागे सरली. अकरा मिनिटांनी दगडोबा कोसळला. हर्षाली ओरडली नाही. तिने अप्पांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तिथेच ठेवलं. दाजींनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी हळूच विचारलं, "ते रानातले उंदीर परत येतात का आता?"

"येतात अप्पा. ते रोजच येतात."

"हं," दाजी म्हणाले.

त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर खोक्यात गेला. दाजींनी स्वतः सुतळी आवळली आणि हर्षाली पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत गेली. मी वहीत 'प्रकरण उलगडले: स्वतः' असं लिहिलं आणि सवयीने खोक्याजवळ वाकून एक शेवटची नजर टाकली.

दोन निरगाठी नव्हत्या. एकच सुरगाठ होती, एक टोक ओढलं की सुटणारी.

मी वर बघितलं. दाजी माझ्याकडेच बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला एका पुराव्याचा अर्थ बघताक्षणी कळला होता, आणि तो मी कोणालाही सांगितला नाही.