शंभरापैकी एक्केचाळीस

स्वतःला नापास करता करता राहिलेला प्राध्यापक मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे रसायनशास्त्राचे भोईर सर.

दर वर्षी मे महिन्यात आम्हा प्राध्यापकांना एक फॉर्म भरावा लागतो. वर्षभरात काय शिकवलं, किती तास घेतले, कुठल्या चर्चासत्रांना गेलो, कुठल्या समितीवर होतो, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना : या सगळ्याबद्दल तुम्ही स्वतःला शंभरापैकी किती गुण द्याल? आता असं विचारल्यावर माणूस काय लिहिणार? आमच्या स्टाफरूममध्ये ब्याण्णवच्या खाली कुणी उतरत नसे. एका वर्षी एकाने एकशे चार लिहिले होते. विचारलं तर म्हणाला, "बेरीज केली तर तेवढे आले, मी काय करू?"

भोईर सरांनी लिहिले होते एक्केचाळीस.

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायला लागून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. फॉर्म गोळा करण्याचं काम नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, तसं ते माझ्या गळ्यात पडलं होतं. मला वाटलं, घाईत आकडा चुकला असेल. फॉर्म घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. सर काचेच्या नळीतल्या द्रावणाची पातळी बघत गुडघ्यांत वाकून उभे होते. सहा फुटी, हडकुळा माणूस. वाकला की मधेच घडी घातल्यासारखा दिसायचा.

"सर, इथे एक्क्याण्णव हवेत ना?"

"काय लिहिलंय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"एक्केचाळीस."

"मग एक्केचाळीसच. खरं काय ते लिहावं, मॅडम."

हे त्यांचं पालुपद. खरं काय ते लिहावं. मुलांच्या जर्नलवर, सुट्टीच्या अर्जावर, स्टाफरूमच्या तक्रारवहीतसुद्धा. एकदा त्या वहीत त्यांनी लिहिलं होतं : "पंखा बंद आहे अशी तक्रार मी काल केली. पंखा बिघडलेला नव्हता. बटण मी दाबलं नव्हतं. क्षमस्व."

फॉर्मला त्यांनी स्वतःच्या अक्षरातली चार पानं जोडली होती. मी ती तिथेच उभ्या उभ्या वाचली. "घेतलेले तास : एकशे अठ्ठ्याहत्तर. त्यांपैकी चांगले झालेले : त्र्याहत्तर." पुढे वाया गेलेल्या प्रत्येक तासाचं कारण. "हायड्रोजन बंध : कळला नाही. दोष मुलांचा नाही, उदाहरण चुकीचं घेतलं." "आम्लारींचा दुसरा तास : परीक्षा जवळ आली म्हणून पळवला. लाज वाटते."

प्राचार्यांनी आकडा पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, हे स्वमूल्यमापन आहे, आत्मघात नाही! समजवा त्यांना जरा."

मी काय समजावणार? मी तो फॉर्म कपाटात ठेवून दिला. कपाटात आधीच्या सगळ्या वर्षांची तशीच पानं होती. कुणीही ती कधी उलगडली नव्हती. घड्यासुद्धा जशाच्या तशा होत्या.

सर मूळचे बदलापूरच्या पलीकडच्या एका आगरी वस्तीतले. आता बदलापुरातच कात्रपला फ्लॅटमध्ये राहायचे. पण बाजारहाट मात्र उल्हासनगरलाच, कॉलेज सुटल्यावर. आणि बाजारातही प्रयोगशाळेतलीच सवय. दुकानदाराने मापात तेल ओतलं की सर तिथेच गुडघ्यांत वाकून डोळा मापाच्या रेषेला लावायचे. कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या सिंधी दुकानदाराला सुरुवातीला याचा फार राग यायचा. "साईं, हमपे भरोसा नहीं क्या?" सर म्हणायचे, "भरोसा है. पण आज थोडा जास्ती दिया आपने. वापस लो." तेव्हापासून तो दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सरांचं उदाहरण देतो आणि सर आले की माप स्वतःच त्यांच्या डोळ्यासमोर धरतो, म्हणजे त्यांना वाकायला नको.

पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. भोईर सर झालेला तास परत घ्यायचे. सोमवारी शिकवलं की मंगळवारी वर्गात येऊन म्हणायचे, "कालचा तास चुकला. माफ करा. पुन्हा घेतो." जगात कुठला मास्तर असं म्हणतो? पहिल्यांदा मुलं हसली. मग त्यांना कळलं की दुसऱ्यांदा घेतलेला तास झकास असतो. मग दुसऱ्या तुकडीची मुलंही दाराशी उभी राहायला लागली. "आज भोईर सर का सॉरी लेक्चर है," असा निरोप मोबाइलवर फिरायचा.

मला त्यांचा हिसका बसला तो माझ्या पदोन्नतीच्या वेळी. माझा फॉर्म तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. मी तीन चर्चासत्रं दाखवली होती. त्यांनी मधल्यावर बोट ठेवलं.

"इथे तुम्ही काय ऐकलंत?"

मी आठवायचा प्रयत्न केला. "सर, खरं सांगू? जेवण चांगलं होतं."

"मग हे काढू या."

मी मुकाट्याने काढलं. आता हा माणूस माझेही एक्केचाळीस करणार, अशी मनाची तयारी केली. पण सर पुढची पानं उलटत राहिले आणि एकदम रागावले. "परीक्षेच्या आधी महिनाभर तुम्ही लायब्ररीत मुलींना घेऊन बसता. शहाडहून येणाऱ्या त्या तिघी तुमच्यामुळे पास झाल्या. ते कुठाय?"

"त्याला रकाना नाही, सर."

सरांनी खिशातून पट्टी काढली, पेन काढलं, आणि सरकारी फॉर्मवर सरळ चार रेघा मारून एक नवा रकाना आखला. वर शीर्षक घातलं : "रकाना नसलेली कामं." त्यात अर्धं पान स्वतः लिहिलं, खाली सही केली. विद्यापीठाने त्याला किती गुण दिले मला माहीत नाही. माझी पदोन्नती झाली. ते अर्धं पान मी झेरॉक्स काढून ठेवलंय.

सरांची स्वतःची पदोन्नती मात्र वर्षानुवर्षं अडलेली. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघं त्यांच्या पुढे निघून गेले. सरांनी दोघांच्याही सत्काराला भाषणं केली, तीही चांगली.

मग नियम बदलले. नोकरीत कायम असलेल्यांचंही ठरावीक वर्षांनी परीक्षण व्हायचं ठरलं. त्यासाठी बाहेरून तीन जणांची समिती आली. कागदपत्रं मांडायला मी होतेच. समितीच्या अध्यक्षबाई वयस्क, कडक. त्यांनी सरांचा फॉर्म उघडला. आणि खरोखर वाचायला लागल्या. चारही पानं.

"भोईर, हे एक्केचाळीस तुम्ही कसे काढले?"

"मी नाही दिले, मॅडम. परीक्षकाने दिले."

"कोण परीक्षक?"

"बाहेरचे आहेत. विषयातले नाहीत, पण कडक आहेत."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. समितीने मग मुलांना बोलावलं. एक सिंधी मुलगी पुढे झाली, अजिबात न घाबरता. "मॅम, मी एकदा सरांचं लेक्चर बंक केलं. तर सर मला शोधत कँटीनमध्ये आले आणि सॉरी म्हणाले! म्हणे माझं लेक्चर चांगलं होत नसेल, म्हणून तू आली नाहीस. इतनी शरम आयी ना, त्यानंतर एक पण लेक्चर नाही सोडलं."

अध्यक्षबाई हसल्या. पण आकड्याच्या रकान्यात आकडाच जातो. पंधरा दिवसांनी सरांना पत्र आलं : "कामगिरी समाधानकारक नाही. सुधारणेचा आराखडा सादर करावा."

ते पत्र सरांच्या हातात द्यायला माझं मन धजेना. कॉलेजातला सगळ्यात चांगला शिक्षक, आणि त्याला हे पत्र! सरांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "त्यांनी वाचला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा फॉर्म वाचला."

त्या दिवशी आम्ही बरोबरच स्टेशनकडे चालत निघालो. मी न राहवून विचारलं, "सर, तो परीक्षक कोण हो?"

"माझी बहीण," ते म्हणाले. "बाय."

बाय त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. चौथीत पहिली आली आणि त्याच वर्षी तिची शाळा सुटली. घरात धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नव्हतं. तो भाऊ म्हणजे सर. पुढे ती कुळगावच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसली आणि भाऊ कॉलेजात गेला. तिचं लग्न झालं, दोन वर्षांत ती माघारी आली आणि मग भावाकडेच राहिली. सरांना नोकरी लागली त्या दिवशी संध्याकाळी तिने विचारलं, "आज काय शिकवलंस? मना पन सांग." तेव्हापासून रोज संध्याकाळी सर अख्खा तास तिला सांगायचे. तिला कळला, तर तो तास चांगला. नाही कळला, तर वाया.

"तिला उत्प्रेरक सांगितला," सर म्हणाले. "बदल घडवतो, पण स्वतः बदलत नाही. तर म्हणते, म्हंजी लगीन जमवनारी! दोगांचं लावून देतं, आपुन तशीच रातं. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच सांगितलं. एकही मूल विसरलं नाही."

"आणि हायड्रोजन बंध?"

"तीनदा सांगितला. म्हणाली, तुलाच कललं नाय, तर मना कुठशी कलनार?" सर रस्त्यात थांबून हसले. "खरं होतं हो ते. मी जाऊन पुस्तक उघडलं."

सुधारणेचा आराखडा त्यांनी एका ओळीचा दिला : "रोज संध्याकाळी अर्धा तास जास्त." प्राचार्यांनी तो मला दाखवून विचारलं, "याचा अर्थ काय?" मी म्हटलं, "बरोबर आहे सर. पाठवून द्या."

पुढच्या मे महिन्यात सरांचा फॉर्म आला. चार पानं नव्हती. गुणांचा रकाना कोरा होता.

मी फोन केला. "चुकून राहिलंय का, सर?" ते म्हणाले, "नाही." एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी अंबरनाथला राहते, कात्रप काही लांब नाही. त्याच संध्याकाळी गेले.

दार सरांनीच उघडलं. भिंतीवर एका बाईचा फोटो होता, नाक अगदी सरांचंच. फोटोला हार होता.

"दिवाळीच्या सुट्टीत गेली," सर म्हणाले. "तास एकही बुडाला नाही."

सहा महिने. आम्ही रोज एकाच स्टाफरूममध्ये बसत होतो, एकाच किटलीतला चहा पीत होतो. आमच्यापैकी एकालाही कळलं नव्हतं.

सरांनी टेबलावरची वही माझ्यापुढे ठेवली. "पहिल्या सत्राचे आहेत. त्रेचाळीस. दोन वाढले, मॅडम. अर्धा तास जास्त दिला होता ना." त्यांनी वही मिटली. "दुसऱ्या सत्राचे कुठून आणू? महिनाभर आरशापुढे बोलून बघितलं. पण आरशाला सगळंच कळतं. त्याचे गुण धरता येत नाहीत."

ते आत जाऊन चहा ठेवायला लागले. मी फोटोकडे बघत बसले होते. ते कप घेऊन आले तेव्हा मी विचारलं, "सर, आज काय शिकवलंत?"

ते उभेच राहिले. "आज सुट्टी होती."

"मग शेवटच्या तासाला काय शिकवलं होतं?"

"बफर द्रावण." कप खाली ठेवून ते माझ्यासमोर बसले. सुरुवातीला आवाज लागत नव्हता. मग लागला. असं एक द्रावण असतं, त्यात थोडं आम्ल घातलं तरी त्याचा आंबटपणा फारसा बदलत नाही, असं काहीतरी. मी अर्थशास्त्राची बाई. माझं रसायनशास्त्र दहावीला सुटलेलं. मी मान हलवत होते.

सर थांबले. "मान हलवू नका. बाय मान हलवत नसे. कळलं का, ते सांगा."

"नाही कळलं, सर."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी हळू, शब्द निवडून. घातलेलं आम्ल जातं कुठे, त्याला कोण सामावून घेतं. खाली रस्त्यावरचे दिवे लागले होते. चहावर साय धरली होती.

"आता?"

मी विचार केला. त्यांच्या घरात बसून खोटं बोलण्याची माझी हिंमत नव्हती.

"अर्धं कळलं," मी म्हणाले.

"कुठलं अर्धं?" असं म्हणत सरांनी खुर्ची पुढे ओढली.