अर्ध्या गोलाची तडजोड

कोणताही खेळ हा मुळात एक न मिटलेला वाद असतो. एकाला जिंकायचं असतं, दुसऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं, आणि दोघांपैकी कोणीच समजूतदारपणा दाखवत नाही. पूर्वी शिट्टी घेतलेला एक माणूस मैदानभर धावायचा आणि काय घडलं ते जागच्या जागी सांगून मोकळा व्हायचा. या रानटी पद्धतीत एक बाजू हमखास दुखावली जाई. म्हणून क्रीडा मध्यस्थी केंद्र स्थापन झालं आणि पंचाची शिट्टी चहा आल्याची वर्दी देण्यासाठी राखून ठेवण्यात आली.

केंद्राच्या वाटचालीत लांब्याच्या प्रकरणाचं नाव आदराने घेतलं जातं. लांब्या हा पाणीपुरवठा खात्याच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. गुडघे कुरकुरू लागले होते, हंगाम शेवटचा होता आणि एकदा तरी चषक उचलून मगच थांबायचं असं त्याने ठरवलं होतं. अंतिम सामना शून्य-शून्य होता. बरोबरी झाली असती तर आधीच्या गुणांवर चषक लांब्याच्या संघाचाच होता. अगदी शेवटी समोरच्या बेकरीवाल्यांच्या संघातल्या फॉरवर्डने सणसणीत चेंडू हाणला. लांब्याने आडवी झेप घेऊन तो रेषेच्या चांगला हातभर अलीकडे छातीशी धरला. उजवा खांदा निखळला, पण चेंडू सुटला नाही.

फॉरवर्ड म्हणाला, गोल झाला. लांब्या म्हणाला, नाही झाला. म्हणजे वाद झाला.

केंद्राच्या खोलीत मऊ खुर्च्या होत्या आणि भिंतीवर पाटी होती: 'इथे कोणी चूक नाही, कोणी बरोबर नाही.' (खाली बारीक अक्षरात: जाताना पंखा बंद करावा.) मध्यस्थ बाईंचा आवाज इतका हळुवार, की समोरच्याला आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय असं वाटू लागे.

"काय घडलं ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमची गरज काय, ते सांगा."

फॉरवर्डची गरज अशी, की सामना बघायला त्याचे सासरे आले होते आणि जावई कुचकामी आहे असं त्यांचं जुनं मत होतं. ही गरज तत्काळ टिपून घेण्यात आली.

"माझी गरजबिरज काही नाही," लांब्या म्हणाला. "चेंडू आत गेला नव्हता, एवढंच."

"म्हणजे तुम्हाला राग आलाय."

"नाही हो. चेंडू आत गेला नव्हता."

"आणि तो तुम्ही घट्ट धरून ठेवलाय."

"मग! धरलाच की. सोडला असता तर गोल झाला असता."

"मी रागाबद्दल बोलतेय," बाई कळवळून म्हणाल्या.

तडजोडीनंतर दोन्ही बाजू सारख्याच नाराज असाव्यात, हे केंद्राचं मूलतत्त्व. फॉरवर्ड पुरता नाराज होता. लांब्या मात्र हात गळ्यात बांधूनही आतून खूश होता. ही तफावत दूर करण्यासाठी अर्धा गोल मान्य करावा, असं सुचवण्यात आलं. (केंद्रात समाधानाचं प्रमाण शंभर टक्के आहे. असमाधानी लोकांची प्रक्रिया अजून चालू आहे असं धरलं जातं.)

"अहो, पण अर्ध्या गोलाने आम्ही हरतोच की!"

"हो, पण थोडक्यात," बाई म्हणाल्या.

घरी बायको त्याच्या हाताची झोळी नीट करत म्हणाली, "किती ताणशील रे? तूच घे ना दोन पावलं मागे."

"दोन पावलं मागे गेलो तर गोल होतो गं," लांब्या म्हणाला आणि त्याला एकदम रडू आलं. आपण खरं बोलतोय याचाच त्याला थकवा आला होता.

शेवटचा उपाय म्हणून त्याने प्रेक्षकांना बोलवायची मागणी केली. गोलामागच्या स्टँडमधल्या सगळ्यांनी झेल पाहिला होता. केंद्राने आनंदाने परवानगी दिली आणि झाडून सगळे आले. बाईंनी त्यांना मऊ आवाजात समजावलं, की प्रत्येकाला सविस्तर बोलता येईल. मात्र मग पुढच्या बैठकीलाही यावं लागेल, आणि त्याच्याही पुढच्या. लोकांनी घड्याळं पाहिली. त्या झेलाच्या वेळी आनंदाने शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारणारे दाताचे डॉक्टर उठले आणि म्हणाले, "चेंडू बाहेरच होता हो, मी डोळ्यांनी पाहिलाय. पण आता मिटवून टाका ना. दोघंही चांगली माणसं आहेत."

सगळ्यांनी सह्या केल्या. लांब्याची डाव्या हाताने अर्धीच सही उमटली. केंद्राने ती पुरेशी मानली. चषक फॉरवर्डच्या सासऱ्यांनी उचलला. पुढे शिट्टी वाजली आणि चहा आला.

लांब्याला अजून त्या स्टँडमधले चेहरे आठवतात आणि त्यांत, वाचकहो, आपणही होतात, असं त्याचं म्हणणं आहे. आपण तिथे मुळीच नव्हतो, असं आपलं म्हणणं असणार. केंद्राने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आहेत. आपण तिथे अर्धे होतात. आता ताणू नका, सही करून टाका.