चंद्राक्काचं तूप

बाळांनो, मोबाईल खाली ठेवा आणि ऐका.

एका जंगलात विमानतळ होता. हसू नका. तुमच्या गावातल्या डबक्याला तुम्ही सरोवर म्हणताच ना? तसा त्यांचा एक सपाट कातळ होता, त्याला ते आंतरराष्ट्रीय म्हणायचे.

या विमानतळावर पूर्वी तपासणी नव्हती. मग एकदा एका अस्वलानं मधाचं मडकं म्हणून माश्यांसकट अख्खं पोळंच विमानात नेलं. ढगांच्या वर गेल्यावर माश्या जाग्या झाल्या. पुढचं सांगत नाही, तुमच्यात काही जण अजून जेवायचे असतील. सरकारनं समिती नेमली. समितीनं उरलेला मध खाऊन अहवाल दिला, की दोष मधाचा. तेव्हापासून विमानात पातळ पदार्थ न्यायला बंदी झाली. माश्यांना नाही झाली.

त्या जंगलात चंद्राक्का नावाची म्हैस राहायची. तिची एकुलती एक लेक, जाई, लग्न होऊन साता समुद्रापलीकडच्या गार कुरणात गेली होती. तिचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण आणि जवळ माणूस नाही. म्हणजे म्हैस नाही. जाईचा निरोप आला, "आई, काही आणू नकोस. फक्त तू ये, आणि तुझं तूप आण. इथलं तूप मेणासारखं लागतं." पोरगी लहानपणापासून अशीच. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी.

चंद्राक्कानं महिनाभर साय साठवली, विरजण लावलं, लोणी काढलं आणि मंद आचेवर रवाळ तूप कढवलं. डबाभर झालं. आता न्यायचं कसं?

तिच्या पाठीवर एक बगळा बसायचा. दर वर्षी परदेशी जाऊन यायचा, त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं असं त्याचं मत होतं.

"आक्का, मोठ्या गाठोड्यात डबा टाकू नकोस," बगळा म्हणाला. "तिथे रानडुकरं सामान फेकतात. डबा हातात ठेव."

"पण पातळ चालत नाही म्हणे."

"मग थिजवून ने. थिजलेलं तूप घट्ट. घट्टाला कायदा लागत नाही."

"तू कधी नेलंस?"

"मी कशाला नेऊ? मी आपला उडतो. मला कोण तपासतंय?"

हे ऐकून तरी आक्कानं शहाणं व्हायचं. पण ज्याला स्वतःला रांगेत उभं राहावं लागत नाही, त्याचा सल्ला आपल्याला फार पटतो.

पहाटेच्या गारव्यात आक्का विमानतळावर पोचली. डबा उलटा केला तरी थेंब पडला नसता, इतकं तूप घट्ट होतं. पण पुढे रांग होती. रांग उघड्या कातळावर होती. सूर्य वर आला, कातळ तापला, रांग काही हलेना. पुढे एका सशाचं नेलकटर सापडलं होतं आणि ते कोणत्या कलमाखाली जप्त करायचं यावर खल चालला होता. तेवढ्यात शेजारच्या दारातून वाघोबा आत गेले. त्यांची नखं कुणी मोजली नाहीत. ती अंगची होती.

आक्काचा नंबर लागला तेव्हा डब्यातून डुबुक डुबुक आवाज येत होता.

तपासणीला वानरसाहेब होते. शेपटीला सरकारी पट्टा बांधलेला.

"मावशी, सामान तुम्हीच भरलं का?"

"मग काय शेजारीण येणारे भरायला?"

"कुणी काही दिलं का बरोबर न्यायला?"

"कोण देतंय? दूध माझं, विरजण माझं, कढवलं पण मीच."

वानरानं डबा हलवला. "हे पातळ आहे."

"घरून निघाले तेव्हा घट्ट होतं, साहेब. तुमच्या रांगेनं पातळ केलं."

"आम्ही आताची अवस्था बघतो. मागची नाही." त्यानं डबा बाजूला काढला. "आणि गळ्यातली घंटा काढा. कमानीतून जाताना धातू चालत नाही."

घंटा काढताना आक्काला कसंसंच झालं. ती तिच्या आईनं तिच्या गळ्यात बांधलेली होती. जाई पारडू असताना धुक्यात वाट चुकली की याच घंटेच्या आवाजावर घरी यायची. आक्का कमानीतून गेली. पलीकडे ताटातून घंटा परत मिळाली. डबा नाही मिळाला.

"साहेब, लेकीचं बाळंतपण आहे हो," आक्का म्हणाली. "दुसरं काही नाही नेत मी."

"मावशी, मलापण आई आहे," वानर मऊ आवाजात म्हणाला. "पण नियम." असं म्हणून त्यानं बोट बुडवून तूप चाखलं, डोळे मिटले आणि वहीत लिहिलं, 'वस्तू गंभीर आहे.'

आक्का डोळे पुसत पुढे निघाली. महिनाभराची साय गेली होती. लेकीला काय तोंड दाखवणार?

वीस पावलांवर एक दुकान होतं. झगमगीत. काचेमागे अत्तरं होती, काकव होती, मधाची मडकी होती. सगळं पातळ. आणि मधल्या फळीवर एक डबा होता, चकचकीत बंद पिशवीत. पिशवीवर शिक्का होता: सुरक्षित.

आक्कानं डबा ओळखला. त्याला एका बाजूला पोच होती. ती पोच तिच्याच शिंगाची.

"ए, हा डबा माझा आहे," ती दुकानदाराला म्हणाली. दुकानदारही वानरच होता. साहेबांचा सख्खा मेहुणा. आयत्या बिळावरचा नागोबा.

"होता," मेहुणा म्हणाला. "आता तो तपासून झालाय."

"तपासून झालाय तर परत दे."

"परत देता येत नाही. विकता येतो."

"अरे मेल्या, पण अजून पातळच आहे ना ते?"

"असेल. पण पिशवी बंद आहे. बंद पिशवीतलं तूप घातक नसतं."

तेवढ्यात विमानाची शेवटची हाक झाली. विमान चुकलं तर लेक एकटी पडणार, आणि तसंच विमान धरलं तर हा डबा असा डोळ्यांदेखत जाणार.

"काय घेशील?" तिनं विचारलं.

मेहुण्यानं तिच्या सगळ्या अंगावरून नजर फिरवली. ती गळ्याशी येऊन थांबली.

"ही घंटा जुनी दिसते," तो म्हणाला. "परदेशी पाहुण्यांना आवडतं असलं."

आक्कानं मान खाली घातली.

विमानाच्या दाराशी आणखी एक वानर होता. त्यानं पिशवी कानाशी धरून हलवली. आत डुबुक डुबुक. त्यानं शिक्का पाहिला आणि चक्क सलाम ठोकला. आक्काच्या शेजारच्या जागेवर वाघोबा नखं साफ करत बसले होते.

गार कुरणात आक्का पोचली तेव्हा जाईच्या पुढ्यात ओलं, लटपटत उभं राहू बघणारं पारडू होतं. आक्कानं पिशवी फोडली. तिथल्या थंडीनं तूप परत दगडासारखं थिजलं होतं. जाईनं डबा चाटला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझंच आहे," ती म्हणाली.

मग ती थबकली. "आई, तू आलीस ते मला कळलंच नाही. सकाळपासून कान लावून होते. घंटा कुठाय?"

"तपासणीत राहिली."

"ती घातक होती?"

"नाही गं," चंद्राक्का पारडाला चाटत म्हणाली. "घातक तूप होतं. घंटा चांगली होती, म्हणून तर राहिली."

तात्पर्य: नियम पाळावेत, रांग मोडू नये आणि पातळ वस्तू हातातल्या सामानात ठेवू नयेत, असं तुम्हाला या गोष्टीवरून वाटलं असेल, तर तुम्ही गुणी बाळं आहात आणि तुमचं तूप जाणार. घरून आणलेली वस्तू घातकच असते. वीस पावलं पुढे विकत घेतली की ती सुरक्षित होते. म्हणून परदेशी निघताना एक वेळ पासपोर्ट विसरलात तरी चालेल, पण मेहुणा योग्य जागी हवा.